पालथ्या चिठ्ठ्या

पगाराच्या दिवशी हिशेबनीस बाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं, तेव्हा वाटलं, आपल्याला कामावरून काढलं. तसं झालं असतं तर समजण्यासारखं होतं. वय सत्तावन्न, डोळ्यांना पूर्वीसारखं बारीक दिसत नाही, आणि मागच्याच महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी माझ्या हातून डावीकडे केसभर उंच राहिली होती. पण बाईंच्या हातात कोर्टाचा कागद होता. त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही, स्वतःच वाचून दाखवला, कुणाच्या आजारपणाबद्दल बोलतात तशा हळू आवाजात. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा आता दर महिन्याला परस्पर कापून जाणार होता. बँकेतलं खातं गोठवलं होतं. आणि घरातली एक वस्तू, 'पडदे शिवण्याचे विजेवरील यंत्र, नग एक', अठ्ठावीस तारखेला उचलून नेणार होते. "तुम्हाला हे माहीत नव्हतं?" बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. "पण इथं लिहिलंय, चार वेळा कळवलं. तारखेला बोलावलं. कुणीच गेलं नाही, म्हणून एकतर्फी निकाल." मी म्हणालो, "पत्रं येत होती." "मग?" "ठेवली आहेत." बाईंनी चष्मा काढला. "ठेवली आहेत म्हणजे? लोणचं घालायचंय का त्यांचं?" असं त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांचा चेहरा पडला, कारण पुढच्या ओळीवर त्यांचं बोट गेलं होतं. कर्ज बायकोच्या नावावर होतं, मी जामीन. बाई आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, त्या दिवसांत. माझ्या मुलीजवळ बसल्या होत्या. "अहो, पण मग त्यांना सांगितलं नाहीत का, की वहिनी..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते सोडलं म्हणून मला बरं वाटलं.

आमच्या कारखान्यात दात बनतात. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, आम्ही त्यावरून मेणात दात बसवतो, मग कवळी ओततो, घासतो, चकाकी देतो. प्रत्येक कामाचा एक ट्रे असतो आणि प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी. नाव, दवाखाना, दाताचा रंग, कधी द्यायचं ती तारीख. बत्तीस वर्षं मी माणसं तोंडावरून ओळखत आलो आहे, चेहऱ्यावरून नाही. कोण उजव्या बाजूनं चावतं, कोण झोपेत दात खातं, कोण नुसतंच ओठ मिटून बसतं, ते साच्यात दिसतं. कधी कधी काम अर्ध्यावर असताना दवाखान्यातून फोन येतो की त्यांचं राहू द्या. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो. मग आम्ही काही बोलत नाही. ट्रेवरची चिठ्ठी काढतो, पालथी करून पुन्हा लावतो आणि ट्रे सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतो. ही पद्धत मी येण्याआधीपासूनची. कुणी सुरू केली, माहीत नाही. चिठ्ठीवर काट मारत नाहीत, काही लिहीत नाहीत. शेजारच्या टेबलावरचा माणूस, सगळे त्याला मेणबत्ती म्हणतात, कारण हाडकुळा आहे आणि जन्मभर मेणाचंच काम केलं, तो एकदा म्हणाला होता, "वरच्या फळीवर पाहुणे फार झाले. आता त्यांना चहा तरी विचारायला पाहिजे." आम्ही हसलो होतो. पालथी चिठ्ठी दिसली की सगळ्यांना कळतं. त्या कामाबद्दल पुन्हा कुणी विचारत नाही.

घरी पहिलं पत्र आलं तेव्हा मी विचार करून काही केलं नाही. लांबट पाकीट होतं, समोर पारदर्शक खिडकी, खिडकीत तिचं नाव. मी ते दारातच उभा राहून पाहिलं. मग आत येऊन कपाटावर ठेवलं, पालथं. दुसरं त्याच्यावर, पालथं. पुढे दोन पाकिटांच्या खिडकीत माझं नाव होतं, पण पाकीट तसंच, पाठवणारे तेच, म्हणून तीही तशीच ठेवली. आता मागे वळून बघतो तेव्हा कळतं की माझ्या मनाची समजूत काय झाली होती. मला वाटत होतं, मी कळवलं आहे. चिठ्ठी पालथी केली की सगळ्यांना कळतं, हे बत्तीस वर्षं हाताला माहीत होतं, आणि हातानं ते परस्पर करून टाकलं. ज्यांना कळायचं ते माझं कपाट बघायला येणार नव्हते, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. लोक म्हणतील, कानाडोळा केला. मेहुण्यानं तेच म्हटलं, "भावजी, मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं केलंत तुम्ही." असेल. पण मी डोळे मिटले नव्हते. रोज संध्याकाळी तो गठ्ठा मला दिसायचा, त्याच्यावरची धूळ मी पुसायचो.

ती रविवारी सकाळी गेली. मी घरातच होतो. ती पुढच्या खोलीत पडदे शिवत होती, कुठल्याशा कचेरीची मोठी मागणी होती, राखाडी कापड, सगळ्या खोलीभर पसरलेलं. दोरा संपला. तिनं चप्पल घालता घालता मला सांगितलं, "मशीन बंद करू नका हां, आलेच मी. आणि त्या कापडावरून चालू नका." मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "मी काय उडून जाऊ स्वयंपाकघरात?" "जमत असेल तर जा," ती म्हणाली. हे शेवटचं बोलणं. दोऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली, आणि दुकानदाराला वाटलं दमली असेल. मग इस्पितळ, मग कागद, मग मुलगी आली, माणसं आली. मशीनवर एक छोटा दिवा आहे, सुई दिसावी म्हणून. तो तीन दिवस चालू होता. गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही आणि माझं गेलं तरी मी बंद केला नाही, कारण तिनं बंद करू नका असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलीनं बंद केला. अर्धा शिवलेला पडदा तसाच सुईखाली आहे. कचेरीवाल्यांनी दोनदा निरोप पाठवला, मग दुसरीकडून शिवून घेतले असतील.

फोन दुसऱ्या महिन्यात सुरू झाले. सोमवारी, साडेसहाच्या सुमारास, मी कामावरून येऊन हातपाय धुतले की. माणूस तरुण असावा, आवाजात घाई नव्हती. पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं, पूर्ण, नावापुढे बाई लावून, आणि विचारलं, "आहेत का घरी?" माझ्या तोंडून निघालं, "बाहेर गेलीय." खोटं नव्हतं ते. दोरा आणायला बाहेर गेली होती. "कधी येतील?" "सांगून गेली नाही." "बरं. हप्ता राहिलाय म्हणावं. मी सोमवारी करतो." आणि त्यानं फोन ठेवला. मी तसाच उभा होतो, ओल्या हातांनी. घरात दोन महिने कुणी तिच्याबद्दल असं बोललं नव्हतं. येणारं जाणारं प्रत्येक माणूस आवाज खाली करून बोलायचं. मुलगी 'आई असती तर' असं सुरू करायची. शेजारीण मला बघून जिन्यात बाजूला सरकायची, जणू मी कुठून तरी सांडेन. आणि हा माणूस सरळ विचारत होता, आहेत का घरी. त्याच्या लेखी ती कुठं तरी रस्त्यात होती, पिशवी घेऊन, उशीर झालेली. पुढच्या सोमवारी साडेसहाला मी हात पुसून फोनजवळ बसलो होतो.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वसुलीवाल्याच्या फोनची वाट बघणारा माणूस जगात दुसरा नसेल. फोनवरचा तो माणूस हळूहळू खवचट व्हायला लागला. "काका, बाई रोजच बाहेर? मजा आहे त्यांची." मी म्हणायचो, "तिला बसून राहवत नाही." ते खरंच होतं. "मग एखाद्या दिवशी आमच्याकडेही येऊ देत की फिरत फिरत." "सांगतो." "काका, तुम्ही साधे आहात, बाई तुम्हाला गुंडाळतात." "तेही खरं," मी म्हणायचो, आणि मला हसू यायचं, कारण सत्तावीस वर्षं ती मला गुंडाळतच होती आणि मी गुंडाळून घेत होतो. एकदा त्यानं विचारलं, "त्या तुमच्या जवळच उभ्या आहेत ना? खरं सांगा. खूण करतायत ना, नाही म्हणून सांगा अशी?" मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. दाराला लटकलेला तिचा कामाचा अंगरखा होता, खिशात टेप. "नाही," मी म्हणालो, पण थोडं थांबून म्हणालो असेन. त्यानं ते थांबणं कुठं तरी लिहून घेतलं असणार.

कर्ज मशीनचं होतं, एवढंच. जुन्या मशीनवर जाड कापड चालत नव्हतं. मी म्हणालो होतो, कशाला डोक्याला ताप, आहे त्यात भागतंय. ती म्हणाली, "तुमचं भागतं. मला पुरेनासं झालंय." कागदांवर सह्या करून आलो त्या दिवशी ती खुशीत होती. जेवताना म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, त्यात विमा आहे. त्या माणसानं वाचून दाखवलं. मी मेले तर सगळं कर्ज माफ. जगले तर मशीन माझं. दोन्हीकडून आपलाच फायदा." मी ताटावरून उठलो. हे खरं आहे, हात धुवून सरळ खाली जाऊन उभा राहिलो, तासभर. वर आलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, कागदावरचं बोलले मी. कागद काय चावतो का?" मी म्हणालो, "हा विषय या घरात नको." त्यानंतर तिनं तो काढला नाही. हप्ता ती स्वतः भरायची, तीन तारखेला, दोऱ्याच्या दुकानावरून जाता जाता. मला कधी विचारलं नाही, मी कधी विचारलं नाही. आणि विम्याची ती गोष्ट मी इतकी खोल पुरली होती, की इस्पितळातून आलो त्या रात्रीपासून पुढे दहा महिने ती एकदाही वर आली नाही. हिशेबनीस बाईंच्या खोलीत आली. तिसरा हिस्सा, गोठवलेलं खातं, नग एक, हे सगळं ऐकत असताना मला ताट दिसलं आणि तिचा आवाज, कागद काय चावतो का.

एकदा वसुलीवाल्यांकडून एक माणूस घरीही आला होता. सुट्टीचा दिवस होता. मी मशीनला तेल घालून चालवत होतो. मोटर नुसती पडून राहिली तर आखडते, ती म्हणायची, म्हणून मी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवतो. सुई तेवढ्यापुरती काढून, कापड न हलवता, नुसता पाय दाबायचा. तेवढी पाच मिनिटं मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला घर पूर्वीसारखं वाटलं असतं. मागच्या खोलीत कुणी नसतं. बेल वाजली तेव्हा मी पाय काढायचा विसरलो, मग काढला, मग दार उघडलं. हेल्मेट काखेत धरलेला माणूस होता. त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "बाई आहेत?" "बाहेर गेलीय." "आणि आत मशीन कोण चालवत होतं?" "मी." त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातांवर प्लॅस्टरच्या भेगा आहेत, ते हात शिलाईचे दिसत नाहीत. "काका," तो म्हणाला, "वयाला शोभेल असं तरी खोटं बोला." मी त्याला आत घेऊन दाखवायला हवं होतं. रिकामी खुर्ची, अर्धा पडदा. पण त्या कापडावरून चालू नका असं ती सांगून गेली होती, आणि कापड अजून तसंच पसरलेलं होतं. मी दार लावून घेतलं. त्यानं काय लिहिलं ते मला, हिशेबनीस बाईंनी नंतर कोर्टाचा कागद हातात दिला तेव्हा, वाचायला मिळालं. 'कर्जदार घरात काम करीत असल्याचे आढळले. भेटण्यास नकार. जामीनदार असत्य सांगून पाठीशी घालतात.' निकाल त्याच्यावरच दिला. ती जिवंत आहे, काम करते आहे आणि मी तिला लपवलं आहे, असं शिक्क्यानिशी लिहून आलं. मी ती ओळ पुष्कळदा वाचली. माझा पगार ज्या ओळीमुळे गेला तीच ओळ मला फाडवेना.

मुलगी लांब असते, तिला दोन लहान मुलं. फोनवर विचारायची, "बाबा, आईची काही पत्रं बित्रं येतात का? बँकेची?" "येतात." "काय करता?" "ठेवतो." "वाचता ना?" "हो गं, सगळं व्यवस्थित आहे." झाकली मूठ. आता ती मूठ उघडली तर तिला यावं लागेल, मुलांना कुठं ठेवायचं ते बघावं लागेल, नवऱ्याकडे शब्द टाकावा लागेल. म्हणून सांगितलं नाही. कारखान्यात मात्र कळलं. पगाराचा कागद चार हातांतून जातो. मेणबत्ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसला, डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "वरच्या फळीवरचा ट्रे खाली काढायचा असला तर शिडी लागते. मी धरतो शिडी. पण चढायचं तुम्हालाच." हा माणूस जन्मात एवढं गंभीर बोलला नव्हता. त्याच्या आग्रहानंच मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कर्जाच्या कचेरीत गेलो.

खिडकीमागे एक बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. मी नंबर सांगितला. त्यांनी यंत्रावर बघितलं आणि त्यांचा आवाज कडक झाला. "कर्जदार स्वतः का येत नाहीत?" मी पिशवीतून दाखला काढला आणि काचेखालून आत सरकवला. पालथा. बाईंनी तो उलटा केला, वाचला. तारीख पुन्हा वाचली. मग खुर्ची पुढे ओढून घेतली. "अहो, हे दहा महिन्यांपूर्वीचं आहे. यात विमा होता. एक दाखला आणून दिला असता तर एकही हप्ता मागितला नसता कुणी. कोर्टच झालं नसतं." मी मान हलवली. "सहा महिन्यांची मुदत असते. गेली ती. पण उशिराचं कारण लिहून अर्ज करता येतो. वरच्या लोकांना पटलं तर माफही होतं. निदान जप्ती तरी थांबते." त्यांनी अर्ज दिला. पेन्सिलीनं खुणा करून दिल्या, इथं नाव, इथं नातं, इथं तारीख, इथं कारण. "पण आधी एक करा. फाइल आता वसुलीवाल्यांकडे आहे. त्यांच्या नोंदीत बाई हयात आहेत, घरी काम करतात असं आहे. तुम्ही स्वतः त्यांना फोन करून सांगायचं. त्यांच्याकडे बोलणं रेकॉर्ड होतं, तेच धरतात. घरच्या माणसानं तोंडानं सांगितल्याशिवाय ते नोंद बदलत नाहीत." मी विचारलं, "दाखला पाठवला तर?" "दाखला नंतर. आधी तोंडी." मग त्या म्हणाल्या, "एक वाक्य आहे हो काका. दोन शब्दांचं."

दोन शब्दांचंच आहे. मला ते येत नाही असं नाही. पण ज्याला ते सांगायचं तो एकटाच आहे जो दर सोमवारी ती आली का असं विचारतो. त्याला सांगितलं की पुन्हा विचारणार नाही. मग पगार वाचेल, खातं मोकळं होईल, मशीन इथंच राहील, आणि साडेसहाला फोन वाजणार नाही. नाही सांगितलं तर फोन वाजेल आणि मशीन जाईल. कुठून कसंही फिरवलं तरी माझ्या हातात एकच उरतं. साचा घट्ट बसला की तोंडातून निघत नाही, तेव्हा दवाखान्यातले लोक सांगतात, नाकानं श्वास घ्या, घाबरू नका, निघेल. मी नाकानं श्वास घेतो.

आज दुपारी मी तिच्या खुर्चीवर बसलो. कापडावरून चाललो नाही, कडेकडेनं गेलो. मशीनवरचा दिवा लावला आणि फोन लावला. त्यानंच उचलला. "काका! आज तुम्ही स्वतःहून? सूर्य कुठून उगवला?" त्याच्या मागे दुसऱ्या माणसांचे आवाज येत होते, दुसऱ्या घरांना विचारणारे. "एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "सांगा की. रेकॉर्ड होतंय हं, आधीच सांगून ठेवतो." "हो, माहीत आहे." "बाई आल्या वाटतं शेवटी?" सुईखाली पडद्याची खालची दुमड होती, टाके निम्म्यापर्यंत आले होते, सरळ, एकसारखे. पुढे नुसती खडूची रेघ. मी म्हणालो, "ती दोरा आणायला गेलीय." तो हसला. वाईट नव्हता हसला. "अहो, दोरा आणायला काय परदेशी गेल्या का? बरं, आल्या की सांगा. सोमवारी करतो मी."

आज सव्वीस तारीख. परवा त्यांची गाडी येईल. अर्जात माझं नाव लिहून झालं आहे, तिचं नाव लिहून झालं आहे, नातं लिहिलं आहे. उशिराचं कारण लिहायचं राहिलं आहे, आणि त्या माणसाला सांगायचं राहिलं आहे.